भामाबाईंना खुर्ची दाखवू नका

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भामाबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या आणि अख्ख्या कॉलनीनं त्यांना बसवायचा चंगच बांधला. निरोपसमारंभात शाल घालून बसवलं. बारशाला गेल्या की, "मावशी, तुम्ही बसा." हळदीला गेल्या की, "मावशीला खुर्ची द्या रे!" एकदा पाणी प्यायला उठल्या, तर तिघंजण सावरायला धावले. बाई वैतागून मला म्हणाल्या, "रविकांत, सरकारनं नोकरी घेतली माझी, पाय न्हाई घेतले!"

मग बाईंनी ठरवलं, यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायची. रोज संध्याकाळी गच्चीवर सराव. इकडं माझ्या घरात बंद असलेला पंखा आपोआप डुलायचा.

मुलींच्या पथकाची प्रमुख म्हणजे कॉलनीतलीच प्रियदर्शनी. बाई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "मला पथकात घे."

पोरगी लाडानं म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी तर ट्रॅक्टर सजवून राहिलो आम्ही. सगळ्या ज्येष्ठ महिला ट्रॉलीत बसणार. मानाची जागा हाय."

"मी काय उसाची मोळी हाय का, ट्रॉलीत भरायला?"

"उसाला एवढी जीभ कुठं असती मावशी," मी मागून म्हणालो.

"तू गप! जिना चढताना दम लागतो तुला."

जयंतीच्या दिवशी मात्र बाई गुमान ट्रॉलीत चढल्या. डोक्याला निळा फेटा, बुडाखाली प्लास्टिकची खुर्ची, शेजारी कॉलनीतल्याच उमाबाई आणि आणखी तिघी. मला वाटलं, हरल्या. थोडं वाईटही वाटलं. पण पहिल्या चौकात हलगी कडाडली आणि बाईंनी पिशवीतून लेझीम काढली. पाठोपाठ उमाबाईंनी काढली. मग त्या तिघींनीही! गच्चीवर रोज पाचजणी नाचत होत्या तर! उगाच नव्हता माझा पंखा डुलत.

पाची जणी उठल्या. खुर्च्या कोलमडल्या, ट्रॉली हेलकावे खाऊ लागली. ट्रॅक्टर चालवणारा पंढरी मागं वळून ओरडला, "मावशे, ट्रॉलीचा पाटा तुटंल! आधी खाली उतरा समद्या!"

"ऐकलं का गं बायांनो? उतरा म्हणतोय," बाई म्हणाल्या, आणि कुणी स्टूल आणायच्या आत रस्त्यावर! शेवटच्या चौकापर्यंत पाची जणी पथकाच्या मागं खेळल्या. तिथं मुलींनी रिंगण उघडून त्यांना आत घेतलं. बाईंचा फेटा सुटला होता, पण लेझीम काही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम चिडवायला वर गेलो. बाई बाजेवर आडव्या.

"हसू नको. ती तेलाची बाटली दे, अन् दार लाव."

बाटली देऊन दार लावायला गेलो तर समोर प्रियदर्शनी. "काका, मावशी कुठायत? पथकात नाव घेतलंय त्यांचं! बुद्धपौर्णिमेला पहिल्या रांगेत. आज संध्याकाळपासून सराव."

आतून दबका आवाज आला, "हाव, येते म्हण! पण आत येऊ देऊ नको!"

मी म्हणालो, "येतील की! आत्ता जरा पळायला गेल्यात, पार विष्णुपुरीच्या धरणापर्यंत."

पोरीचे डोळे विस्फारले. "बापरे! मग सहा वाजता घ्यायलाच येते."

ती गेली. आतून तेलाचं बूच माझ्या पाठीवर आदळलं.

"धरण कशाला सांगितलंस, मुडद्या? आता अंग दुखतंय म्हणायची बी सोय न्हाई, संध्याकाळपर्यंत उठावं लागंल ना मला!"