शंभर बायकांना रोजगार

मीटिंगमध्ये काय ठरलं ते महिन्याभरात कुणाला आठवत नाही. किस्से मात्र साठत जातात. भिवंडी परिसराचा विकास आराखडा करायला एक समिती बसली होती, तिचा मी कोऑर्डिनेटर. यातले निम्मे किस्से मी चहाच्या टपरीवर हसत हसत सांगतो. उरलेले आजवर कुणाला सांगितले नाहीत, कारण लाज वाटते.

*

पहिली मीटिंग धामणकर नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये. लूमवाले, सरपंच, बचत गटाच्या बायका, सगळे एकत्र. आमचे अध्यक्षसाहेब म्हणाले, "मोजता येईल असंच उद्दिष्ट सांगा. नुसतं 'विकास झाला पाहिजे' चालणार नाही!"

कोन गावच्या वनिताताई उठल्या. नवरा गेलेला, पदरात दोन मुली. म्हणाल्या, "मला काम पायजे."

"अहो ताई, मोजता येईल असं सांगा!"

"एक," ताई म्हणाल्या. "एका बाईला काम."

अख्खा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी! साहेबांनी फळ्यावर लिहिलं, 'शंभर बायकांना रोजगार'.

*

आता रोजगार मिळाला हे मोजायचं कसं? इक्बालभाई म्हणजे समितीतले जुने लूममालक, आमच्यातला सगळ्यात सरळ माणूस. ते म्हणाले, "अरे, पगार हातात पडला की रोजगार. इसमें मीटिंग क्या करना?"

पण शंभर जणींचे पगार तपासत फिरणार कोण? मीच तोंड उघडलं. "शिवणकामाचं शिबिर पूर्ण केलं की रोजगार मिळाला, असं धरूया का?"

साहेबांनी पाठ थोपटली. काय छाती फुगली होती तेव्हा माझी!

*

शिबिराला बायका कमी पडल्या. आकडा भरायला मी इक्बालभाईंच्या कारखान्यात शिलाई खात्यात असलेल्या हसीनाआपांना आणून बसवलं. उभा जन्म शिलाई मशीनवर गेलेली बाई! दुसऱ्याच दिवशी शिकवणाऱ्या मॅडमचं मशीन अडलं, ते आपांनी चालू करून दिलं.

शेवटी आपांना सर्टिफिकेट मिळालं, 'प्राथमिक शिवण'. घडी घालून पर्समध्ये ठेवत त्या मला म्हणाल्या, "बेटा, कारखाने में किसी को बताना मत."

*

शिबिर संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वनिताताई ऑफिसच्या दारात हजर. हातात डबा.

"शिकून झालं ना भाऊ? आता कामाला कुठं जायचं?"

मी म्हटलं, "कळवतो." त्यांनी तिथंच पायरीवर बसून डबा खाल्ला आणि गेल्या.

*

अहवाल गेला. शंभरपैकी शंभर! साहेबांचा सत्कार झाला, हार मीच आणला होता.

त्याच आठवड्यात इक्बालभाईंचा फोन. "एक शिलाईवाली पाहिजे. पक्की नोकरी आहे. अजून काम न मिळालेल्या बायकांची लिस्ट पाठव."

मी धावत साहेबांकडे गेलो. "वनिताताईंचं नाव देऊ?"

"वेडा झालास? ते नाव तिकडं टाकलं की आपले नव्व्याण्णव होतात!"

मी बाहेर आलो. इक्बालभाईंना कळवलं, लिस्टमध्ये कुणी नाही. त्यांनी दुसरी बाई ठेवली. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात वाईट काम.

चार दिवसांनी वनिताताई आल्या. "भाऊ, माझं काय झालं?"

मान वर करायची हिंमत नव्हती. कॉम्प्युटरकडे बघत म्हटलं, "ताई, तुमचं नाव रोजगार मिळालेल्यांत आहे."

"अगो बाय! मला काम लागलं? आन् मला कुणी सांगितलंच न्हाय!" हसत हसत त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "पत्ता लिहून द्या भाऊ. उद्यापासून जाते. शिफ्ट कितीची हाय?"