तक्रारीतून काढलेला फोटो

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बरीच प्रकरणे विसरलो, पण मोताळा तालुक्यातल्या त्या फवारणी मजुराचे प्रकरण मनातून जात नाही. कपाशीत फवारताना तो कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला, व्हिसेरा तपासणीला पाठवला. औषधाची बाटली शेतमालकाने घाबरून आधीच जाळून टाकली होती. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही असे सगळे धरून चालले होते. त्या हंगामात ती लागली आणि मिळेल ते औषध लोक मारू लागले.

काही दिवसांनी नांदुऱ्याचे एक कृषी केंद्रवाले चाचा ठाण्यात आले. खुर्ची दिली तरी बसेनात. याच नावाच्या औषधाने त्यांच्या एका गिऱ्हाइकाची नजर अधू झाली होती. त्यांनी विक्री थांबवली, बाटलीचा फोटो काढून कंपनीला ईमेल केला. तक्रार क्रमांकही आला.

"साहेब, मजूर मरायच्या आधीच मी फोटो धाडला होता. आता कंपनी म्हणते, फोटो आलाच नाही."

कंपनीच्या खामगावच्या कार्यालयातल्या व्यवस्थापकाने शांतपणे संगणक दाखवला. आलेल्या प्रत्येक ईमेलची त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप तक्रार तयार होई आणि सोबतची फाइल तिच्याखाली जोडली जाई. या तक्रारीत एकच ओळ होती: 'औषध बनावट वाटते, फोटो पाहावा.' खाली फोटो नव्हता. शेरा होता, 'पुराव्याअभावी बंद'. मोठ्या फाइली कधी कधी वाटेतच गळतात, असे तो म्हणाला.

आमच्या सायबर शाखेतल्या महिला हवालदाराने तक्रारीचा इतिहास उघडला. फाइल आली होती आणि नंतर काढली गेली होती, तीही व्यवस्थापकाच्याच लॉगिनवरून. यावर त्याचे उत्तर तयार होते. पासवर्ड सगळ्या ऑफिसला माहीत आहे, म्हणाला.

त्याला ठाण्यात बोलावल्यावर मी संगणकाचा विषयच सोडला. औषधे, दुकानदार, हंगाम यांवर बोलत राहिलो. तो सैलावला.

"ते औषध आमचं नव्हतंच, साहेब. आमचं झाकण लाल असतं, त्याचं निळं होतं."

मी विचारले, "निळं झाकण तुम्ही कुठं पाहिलं?"

बाटली जळून गेली होती, ईमेलच्या ओळीत झाकणाचा उल्लेख नव्हता. निळे झाकण फक्त चाचांनी मला मोबाइलवर दाखवलेल्या त्या फोटोत होते. त्याने पाणी मागितले. मग हळूहळू सगळे सांगितले. बनावट माल त्याच्या साडूच्या गोदामातून जात होता. अख्खी तक्रार पुसली असती तर मुख्यालयाला कळले असते, म्हणून त्याने फक्त फोटो काढून टाकला. माल मात्र विकला जात राहिला. मजुराने फवारलेली बाटली त्यातलीच होती.

दोघांना अटक झाली. मजुराची बायको जबाबाला आली तेव्हा मी तिला साध्या शब्दांत समजावले.

"त्यानं फोटो पायला होता?"

"हो."

"मंग कोनी मरन, हे त्याले माहीत होतं."

तिचे हे वाक्य मी जबाबात तसेच लिहून घेतले.

रागाच्या भरात जीव घेणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांना निदान मेलेल्याचा चेहरा आठवायचा. या माणसाने त्या मजुराला कधी पाहिलेही नव्हते. तेव्हापासून प्रत्येक तपासात, कोणी काय केले यासोबत, कोणाला आधीच माहीत होते हेही मी विचारत गेलो. बहुतेक वेळा कोणीतरी सापडतच असे.