अडीचचं पाणी

निकाल लागून सहा दिवस झाले तरी टीव्हीवाल्यांचं समाधान होईना. प्रभाग केवढा, तर या टोकाला चहा ओतून घ्यावा आणि त्या टोकाला गरम गरम प्यावा, एवढा. पण तिकडे राजधानीत चार कोटवाले गोल टेबलाभोवती बसून त्याच प्रभागाबद्दल तावातावाने बोलत होते. एक म्हणे, वारं फिरलंय. दुसरा म्हणे, फिरलं नाही, पडलंय. तिसऱ्याला यात पुढच्या वर्षीच्या देशाच्या निवडणुकीची नांदी ऐकू येत होती. चौथा जरा वयस्कर, चष्मा पुसत बोलणारा. तो म्हणाला, सत्ताधारी पक्षाचा हक्काचा मतदार यंदा घरी बसला, आणि घरी बसणं हाही एक राग असतो, मुका राग.

चावीवाला जेवता जेवता थांबला. हक्काचा मतदार घरी का बसला, हे आख्ख्या देशात त्याला एकट्याला माहीत होतं. म्हणजे त्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांना.

आता चावीवाला म्हणजे किल्ल्या बनवणारा नव्हे. हा पाणी सोडणारा. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, चावी आतल्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. चौदा आटे फिरले की व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. मग चावीच्या टोकाला कान लावायचा. खाली पाणी धावतंय की नुसती हवा फुसफुसतेय, ते त्याला बरोबर कळायचं. एकतीस वर्षं हेच. उजवा खांदा पार कामातून गेला होता, शर्टसुद्धा बायकोच्या मदतीने चढवावा लागायचा. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि ते चार महिने तो अंगावर काढत होता, दुसरं काही नाही.

प्रभागाचे दोन भाग. खालच्या गल्ल्या सपाटीवर, तिथे सकाळी सहाला पाणी. वरच्या गल्ल्या चढावर, तिथे दुपारी अडीचला. टाकी पुरती भरल्याशिवाय पाणी वर चढत नाही, आणि चढलं तरी पाऊण तासाच्या वर टिकत नाही. त्या पाऊण तासात जो नळाशी नाही, तो दुसऱ्या दिवशीच्या अडीचपर्यंत कोरडा. चावीवाला स्वतःही वरच राहायचा. पाणी सोडणाऱ्याच्या घरी पाणी कधी येतं, तर सगळ्यांच्या बरोबर अडीचला. शेजारणींना हे काही पटायचं नाही, त्यांना वाटायचं याच्याकडे गुपचूप येत असणार.

वरच्या गल्ल्या बाईंच्या. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. नोकरी सोडून निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि बावीस वर्षं निवडून येत राहिल्या. त्यांचा पक्ष राजधानीत कधी सत्तेवर असे, कधी नसे. वरच्या गल्ल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. बाई उभ्या आहेत ना, मग संपलं. चावीवाला अकरा वर्षं रोजंदारीवर होता. बाई एक दिवस पाणी खात्याच्या कचेरीत गेल्या, साहेबांसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि सही होईपर्यंत उठल्याच नाहीत. सकाळी बसलेल्या बाई दिवेलागणीला उठल्या, तेव्हा चावीवाला कायम झाला होता. हे तो विसरला नव्हता. विसरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

झालं असं. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं, मतदान पाचला संपतं, मतदानाची शाळा खाली, जायला-यायला चढउतार धरून तास मोडतो, सकाळ घरच्या कामांत जाते, आणि अडीचच्या पाण्याने दुपार खाल्ली तर वरची माणसं जाणार कधी? त्यापेक्षा उद्याच्या दिवस वर सहाला पाणी सोडू, खालच्यांना नंतर. सातपर्यंत सगळ्यांचं भरून होईल, मग दिवसभर निवांत मत द्या. कुणाला विचारलं नाही, कचेरीत कळवलं नाही. बायकोला सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानवालीला सांगितलं. दुकानवालीला सांगितलं म्हणजे जाहीर झालंच.

आणि पहाटे पंप बंद पडला.

सहाला टाकी अर्धीसुद्धा नव्हती. एवढ्याशा पाण्यात वर थेंब जाणार नाही, म्हणून त्याने मुकाट्याने खालच्या गल्ल्यांना पाणी सोडलं. पंपावरच्याला फोन केला. तो म्हणाला, अर्ध्या तासात चालू होतो. चावीवाल्याने वर निरोप दिला, अर्ध्या तासात येतं. साडेसहा वाजले, सात वाजले. पुन्हा फोन, पुन्हा अर्धा तास. असे त्या दिवशी किती अर्धे तास झाले ते त्यालाच ठाऊक. दर खेपेला तो खरेपणाने पंपावरच्याचा निरोप वर पोचवत राहिला. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. ‘पाण्याचं काही खरं नाही, तुम्ही आधी मत देऊन या,’ एवढं एकदा म्हणाला असता तर काम झालं असतं. पण एकतीस वर्षांत पाणी कधी येणार हे आपल्याला माहीत नाही असं तो कुणाला म्हणालाच नव्हता, तर त्या दिवशी कुठून म्हणणार?

वर सगळ्या घरांत बादल्या, पिंपं, पातेली दारात मांडलेली. आत्ता येईल, मग येईल. घरातलं एखादं माणूस उतरून मत देऊन आलं, बाकीचे बसून राहिले. पाणी वर चढलं चार वाजून दहा मिनिटांनी, तेही करंगळीएवढ्या धारेने. एक बादली भरायला जिथे दोन मिनिटं लागायची तिथे सात लागली. सव्वापाचला शेवटचं पिंप भरलं तेव्हा शाळेचं फाटक बंद होऊन पंधरा मिनिटं झाली होती. रोजच्या कागदावर चावीवाल्याने लिहिलं, वरचा भाग, अडीच.

बाई त्रेसष्ट मतांनी पडल्या. दरवेळी वरून सातशेच्या आसपास मतं पडायची, यंदा चारशे बारा पडली.

बायकोने निकाल ऐकला आणि पदराने तोंड पुसत खाली बसली. तिनेही मत दिलं नव्हतं. “मला काय कुणी सांगितलं होतं का, माझ्या एका बादलीने बाई पडतील म्हणून?” ती म्हणाली, आणि लगेच त्याच्याकडे रोखून बघत, “तुम्ही मात्र तोंडाला कुलूप लावा. चार महिने. मुद्दाम केलं म्हणतील. पेन्शन जाईल, वर चौकशी लागेल. हा खांदा घेऊन कुठे उभे राहणार आहात?” खोटं काय होतं त्यात? त्याने कुलूप लावलं.

दोन दिवसांनी वर कॅमेरा आला. कॅमेऱ्यामागच्या पोरीने दुकानवालीला विचारलं, तुम्ही नाराज होता का? दुकानवाली म्हणाली, तसं काही नाही. पोरीने पुन्हा विचारलं, महागाईवर? सरकारवर? कुठेतरी आत? तिसऱ्यांदा विचारल्यावर दुकानवालीला वाटलं, एवढी लांबून आलीये बिचारी, रिकाम्या हाताने कशी पाठवायची. म्हणाली, हो, नाराज आहोत. रात्री ते देशभर दिसलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वरच्या गल्ल्या खरोखरच नाराज झाल्या! जो तो सांगू लागला, आपण यंदा ठरवूनच गेलो नाही. ज्यांनी सहापासून पिंपापाशी बैठक मारली होती, ते आता पक्षाला धडा शिकवल्याचं सांगत होते. चावीवाला चावी खांद्यावर टाकून हे ऐकत पुढे जायचा. एके दिवशी बायकोच म्हणाली, “कुणास ठाऊक, असेनही मी रागावलेली.” तेव्हा मात्र तो चरकला.

तिकडे बाईंचा पक्ष हादरला होता. अशा जागा पडायला लागल्या तर पुढच्या वर्षी देशात काय होईल, या भीतीने राजधानीहून तीन माणसं आली, विश्रामगृहात जेवली आणि अहवाल लिहून गेली. उमेदवाराची जनतेशी नाळ तुटली होती, असं त्यात होतं. ते वर्तमानपत्रात छापून आलं. त्या दिवसापासून बाई घराबाहेर पडल्या नाहीत.

ते ‘नाळ तुटली’ चावीवाल्याला सोसेना. बावीस वर्षं ही बाई वरच्या प्रत्येक घरातल्या आजारी माणसाला नावानिशी ओळखते. हिची नाळ तुटली? आणि तोडली कुणी, तर मी, आणि मी गप्प बसून पेन्शनची वाट बघणार? सातव्या दिवशी सकाळी त्याने एक कागद घेतला. पाणी आपल्या मर्जीने बदललं, चुकीचे निरोप दिले, खोटी वेळ लिहिली, सगळं लिहिलं आणि खाली सही केली. बायकोने तो कागद पाहिला. ती शर्ट चढवायला आली नाही. त्याने एका हाताने कसाबसा चढवला आणि गेला.

बाईंनी स्वतःच दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते. समोरच्या खोलीत हारांच्या रिकाम्या टोपल्या तशाच पडलेल्या. निकालाच्या दिवशी आणलेले हार कुणी परत नेले असतील, टोपल्या राहिल्या. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि खांद्याची चौकशी केली. ती चौकशी ऐकून त्याला रडूच आलं. त्याने कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं, पंपापासून सव्वापाचपर्यंत. म्हणाला, लोकांनी तुम्हाला टाकलं नाही बाई, लोक तुमचेच आहेत, पाणी आडवं आलं. हा कागद कोर्टात द्या, निवडणूक परत होईल. माझं काय व्हायचं ते होवो.

बाईंनी कागद वाचला. शाळेतली सवय, बोट ओळीखालून सरकवत वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. चावीवाल्याला वाटलं, आता यांचा चेहरा उजळेल. इतके दिवस मनाला लागून राहिलेलं निघून जाईल.

“एवढे दिवस मी स्वतःची समजूत काढत होते,” बाई म्हणाल्या. “लोक रागावलेत. पक्षावर असतील, सरकारवर असतील, माझ्यावर असतील. रागावलेल्या माणसाकडे जाता येतं हो. हात धरता येतो. चार शिव्या खाल्ल्या की तो बोलायला लागतो. मी उद्यापासून निघणारच होते घरोघर.”

चावीवाला म्हणाला, तेच तर, राग नव्हताच कुणाला.

“नव्हता ना,” बाई म्हणाल्या. “तेच तुम्ही सांगताय. त्यांना फक्त पाणी भरायचं होतं.”

त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

“कोर्टात मी कदाचित जिंकेनसुद्धा. मग त्यांच्यासमोर जाऊन काय सांगू? तुमच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून मी पडले, आता मला निवडून द्या? बावीस वर्षं, चावीवाले. बावीस वर्षांत मी त्यांना एवढं पाणी देऊ शकले नाही, की एक दिवस बादली सोडून तासभर बाहेर जावं. ते टीव्हीवरचे म्हणतात तेच बरं होतं.”

म्हणायला गेलं तर पुष्कळ होतं. नवी टाकी बांधणं तुमच्या हातात नव्हतं, वरून मंजुरी आली नाही, पाच वेळा अर्ज केलेत, प्रत्येक अर्जाला मी साक्षीला होतो. पण यातलं एकही वाक्य बाईंना माहीत नव्हतं असं नव्हतं.

बाईंनी कागदाची घडी केली, ती त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि चुकीच्या काजात लागलेलं बटण काढून नीट लावून दिलं, लहान पोराचं लावावं तसं.

“तुमची पेन्शन घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि हे आणखी कुणाला सांगू नका. मला सांगितलंत, तेवढं पुरे झालं.”

तो जिना उतरून रस्त्यावर आला, तेव्हा वर बाईंच्या घराच्या खिडक्या एकेक करून बंद होत असल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून बाई घरोघर निघाल्या नाहीत.