लेचीपेची धाकटी

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढून दूध देतात. त्या वासानं मला आमचा गोठा आठवतो.

डोक्यावरचा वैरणीचा भारा टाकून मी दारात उभी होते. आई धाकट्या बहिणीला धारोष्ण दूध पाजत होती. "लेचीपेची माझी बाय," म्हणत पदरानं तिच्या ओठांवरचा फेस पुसत होती.

"आई, मलापण दे की."

"तुला काय धाड भरलीया? चांगली रेड्यागत हायस की!"

त्या क्षणी मला काटकुळं व्हावंसं वाटलं.

आता पन्नाशीतली धाकटी जोतिबाचा डोंगर न थांबता चढते. तरी परवा आई कायमची माझ्याकडंच राहायला आली. "माझं करणं तिला न्हाय झेपायचं गं," म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. धाकटीचा हेवाच वाटला.