पाठीला जोड नको

गोधडीला वरून शंभर तुकडे चालतात, पण पाठ अखंड लागते. तान्ह्या बाळाच्या गोधडीची पाठ अंगाकडे येते, आणि शिवण कोवळ्या कातडीला टोचते. हे मला आईनेच शिकवलं होतं.

तेव्हा लढाई चालू होती. मोठा भाऊ पलटणीत गेला होता आणि वहिनीला सातवा महिना लागला होता. कापड रेशनवर होतं. मिरजगावच्या बाजारातही मिळत नव्हतं. तसंही बाळाला पहिल्यांदा जुन्यातच घालायचं असतं. एके दिवशी शेतावर जाताना आई मला म्हणाली, गोधडीची पाठ तयार करून ठेव. मी चौथी शिकून घरी बसले होते. अशा कामात आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं.

आईचं जुनं लुगडं काढलं, तर त्याला दंड घातलेला. मधला विरलेला भाग कापून दोन्ही टोकं जोडलेली, म्हणजे मधोमध शिवण. दुसऱ्या लुगड्याचंही तेच. ट्रंकेत भावाचं धोतर होतं, दोनदाच नेसलेलं. मी ते मधोमध फाडलं. काठ जाड, सुईला जड जातात, म्हणून तेही काढले. खळ निघावी म्हणून दोन्ही तुकडे राखेच्या पाण्यात घालून चुलीवर उकळले.

आई आली तेव्हा ते वलणीवर वाळत होते. तिने हात लावून पाहिलं आणि मला एक थोबाडीत दिली.

"जित्या मान्साचं धोतार फाडलंस? त्यो काय मेलाय व्हय गं?"

आमच्याकडे लांब गेलेल्या माणसाचं कापड फाडत नाहीत. मला ते ठाऊक नव्हतं. वहिनी आतून सगळं ऐकत होती, पण बाहेर आली नाही.

वाळल्यावर आईने काढलेले काठ परत लावले आणि त्या धोतराला दंड घातला. इतका बारीक टाका तिने स्वतःच्या लुगड्यालाही कधी घातला नव्हता. आल्यावर नेसेल, निऱ्यांत शिवण दिसत नाही, असं म्हणून तिने ते परत ट्रंकेत ठेवलं.

वहिनीला नववा लागला आणि कागद आला. शाळेच्या गुरुजींनी तो उभ्यानेच वाचून दाखवला. भाऊ लढाईत कामी आला होता. कुठे, ते गाव त्यांनाही नीट वाचता आलं नाही.

पुढे काही दिवसांनी आईने आपणहून धोतर काढलं आणि अंगणात पसरलं. गोधडीला अर्धं पुरे होतं. मी विचारलं, "दंड उसवू का?"

"ऱ्हाऊ दे. येकदा फाडलंस तेवढं पुरं."

तिने धोतर दोन्ही टोकांकडून आत दुमडलं. शिवण बरोबर मध्ये आली. त्यावर चिंध्या अंथरून आम्ही दोघींनी समोरासमोर बसून टाके घातले.

माझ्या फाडण्याने माणूस मरत नाही, एवढी अक्कल मला आहे. आईलाही असावी. पण त्यानंतर तिने मला कापड फाडायला कधी दिलं नाही.

मुलगा झाला. त्याला तेल लावायचं काम माझ्याकडे होतं. निजून उठला की पाठीवर तांबडी आडवी रेघ असायची. मी ती चोळायची. आई शेजारी बसून बघायची.