काकूंची फरशी

अमेरिकेत सनीव्हेलला आमच्या अपार्टमेंटमागच्या मोबाइल होम पार्कात एक काका राहायला आले, ते घर घेऊनच. लांबच्या गावात जुनं मोबाइल होम विकत घेऊन त्यांनी ते ट्रकला जोडून आणलं होतं. नाव मी कधी विचारलं नाही. मराठीत वैतागताना ऐकलं, तेवढ्यावर ओळख झाली.

काकू हॉस्पिटलमध्ये होत्या. त्यांना कार्पेटचा तिटकारा, म्हणून काकांनी हौसेनं आधीच फरशी बसवली. अहो, घर हलवायचं असताना फरशी आधी कोण बसवतं? रस्त्यात घर हिंदकळलं आणि सगळी फरशी फुटली. आता ते रोज गुडघ्यांवर बसून छिन्नीनं तुकडे उकरत. चपला मात्र दाराबाहेर.

"काका, पायाला लागेल. चपला घाला ना."

"घरात चपला तिला चालत नाहीत." तळव्यात घुसलेली कपची काढून ते पुन्हा कामाला लागले. "ती यायच्या आत नवी बसवतो."

मधे बरेच दिवस मी तिकडे फिरकलो नाही. परवा गेलो तर दार उघडंच होतं. खोलीभर कार्पेट अंथरलं होतं आणि काका त्यावर बूट घालून उभे होते.

काकू कशा आहेत, हे मी विचारलं नाही.