स्प्रिंगच्या दुकानातला जावई

लग्नाआधी जावई गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपून काम करायचा आणि खुशीत असायचा. मग सासरेबुवांनी त्याला आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानात आणून बसवलं. खाली दुकान, वर घर, मधे जिना. दिवसभराची धाव तेवढीच. जो तो म्हणे, "नशीब काढलंस बाबा!" हा आतल्या आत दातओठ खाई.

दुकानात खपायचे ते गाडीच्या कंपनीचे नव्हे, बाहेरच्या बनावटीचे स्प्रिंग. बाहेरचे म्हणजे वाईटच असं मुळीच नाही. चांगल्या कारखान्याचे असले तर मूळ स्प्रिंगच्या तोडीस तोड चालतात. पण सासरेबुवा आणत ते वर झकपक रंग आणि आत सगळा आनंदीआनंद. वर्षाच्या आत गाडी खाली बसे. तरी गिऱ्हाइकाने विचारलं की जावयाने म्हणायचं, "डोळे झाकून घ्या." म्हणताना त्याला स्वतःचीच शिसारी येई. दुकान सोडतो म्हणायची छाती नव्हती; बायकोने घर डोक्यावर घेतलं असतं. कुणी हाकलून दिलं तर बरं, असं त्याला फार वाटे.

एके दुपारी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाई आल्या. "दादा, गाडी फार उसळते. हे स्प्रिंग घ्यावेत का? आत पोरं असतात हो."

सासरेबुवा शेजारीच बसले होते. जावई उठला, बाहेर गेला आणि व्हॅनचा कोपरा दाबून सोडला. व्हॅन डुलतच राहिली. तो आत आला.

"स्प्रिंग ठीक आहेत, ताई. उसळी थांबवणारे शॉकअप गेलेत, ते जोडीने बदला. आणि आमचे हे स्प्रिंग फुकट दिले तरी घेऊ नका."

बाई हात जोडून गेल्या. आता आपली गच्छंती! जावयाला इतकं हलकं वाटलं की हसू आवरेना.

सासरेबुवांचे डोळे भरून आले होते.

"जावईबापू, मी तुम्हाला अगदीच भोळे समजत होतो. जन्म गेला धंद्यात, पण मला हे सुचलं नाही! एकाला खरं सांगायचं, म्हणजे पुढचे दहा आंधळेपणाने घेतात." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात कोंबला. "आजपासून दुकान तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक टॅक्सीवाला आला. "व्हॅनवाल्या ताईंनी पाठवलंय. माझे पुढचे स्प्रिंग मोडलेत. तुम्ही द्याल ते घेतो, दादा."

जावयाने मागे पाहिलं. छतापर्यंत तेच रचलेले होते, दुसरे दुकानात नव्हतेच. वरून बायकोचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"जोडीच देऊ ना?" त्याने विचारलं.